रोखीने घर चालवलं तर पैसे खरंच वाचतात का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही चिंचवडला राहतो. मी आणि माझे मिस्टर दोघंही नोकरी करतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ८६ हजार. त्यातले २७ हजार फ्लॅटच्या हप्त्याला जातात. बाकीचा बहुतेक घरखर्च, म्हणजे किराणा, पेट्रोल, मुलीची फी, लाइट बिल, कपडे, बाहेरचं खाणं, हे सगळं मिस्टर क्रेडिट कार्डाने करतात. दोन कार्डं मिळून महिन्याला साधारण ४५ हजार होतात. त्यांचं म्हणणं, रोख पैसे देणं म्हणजे नुकसान. कार्डावर दीड महिना बिनव्याजी पैसे वापरायला मिळतात आणि वर वर्षाला पाच-साडेपाच हजारांचे पॉइंट्स मिळतात. सासूबाईंचं मत बरोबर उलटं. त्यांनी सासऱ्यांच्या एका पगारात पाकिटं करून संसार केला, दोन मुलं शिकवली. त्या म्हणतात, "ती कार्डं कात्रीने कापून टाका, महिन्याचे पैसे माझ्या हातात रोख द्या, पाच हजार वाचवून दाखवते." दर महिन्याला बिल आलं की घरात यावरून वाजतं. मे महिन्यात फ्रिज बंद पडला म्हणून नवा घेतला, लगेच जूनमध्ये शाळेची फी आली. त्यामुळे गेले दोन महिने पूर्ण बिल भरता आलेलं नाही. ४८ हजार मागे राहिलेत. मिस्टर म्हणतात, दिवाळीच्या बोनसमध्ये फेडू. आमची दीड लाखाची एफडी आहे, पण तिला हात लावायचा नाही असं दोघांचं ठरलेलं आहे. मला दोघांचंही पटतं आणि कुणाचंच पूर्ण पटत नाही. रोखीत खरंच पैसे वाचतात का?

*

ताई, रोख की कार्ड हा वाद थोडे दिवस बाजूला ठेवा. आधी ते ४८ हजार.

कार्डाच्या बिलाचं शेवटचं पान उघडा. तिथे बारीक अक्षरांत व्याजाचा दर दिलेला असतो. बहुतेक बँकांचा तो महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतो. महिन्याला साडेतीन ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात. या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तुमच्या ४८ हजारांवर एका महिन्याचं व्याज १,६८० रुपये, त्यावर जीएसटी ३०२ रुपये. म्हणजे महिन्याला जवळपास दोन हजार रुपये तुम्ही काहीही न घेता भरताय. दोन महिन्यांत चार हजार झाले. मिस्टर ज्या पॉइंट्सचा हिशोब सांगतात, ते वर्षाचे पाच-साडेपाच हजार. वर्षभराच्या पॉइंट्समधला तीन चतुर्थांश हिस्सा दोन महिन्यांत गेला, आणि दिवाळीपर्यंत थांबलात तर उरलेलाही जाऊन वर खिशातून भरावे लागतील.

यात आणखी एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, आणि कार्ड देताना कुणी आवर्जून सांगतही नाही. ती दीड महिन्याची बिनव्याजी मुदत फक्त त्यालाच मिळते ज्याने आधीचं बिल पूर्ण भरलेलं असतं. मागची बाकी राहिली की मुदत संपली. मग आज सकाळी कार्डावर भरलेल्या पेट्रोललाही आजपासूनच व्याज लागायला सुरुवात होते. म्हणजे गेले दोन महिने तुमच्या घरातला किराणासुद्धा ४२ टक्क्यांच्या कर्जावर आलेला आहे. मिस्टर ज्या सोयीच्या जोरावर कार्डाची बाजू घेतात, ती सोय सध्या तुमच्या कार्डावर नाहीच. हे त्यांना बहुधा लक्षातच आलेलं नाही.

"एवढं व्याज घ्यायला सरकार परवानगी कशी देतं?" असा प्रश्न मला नेहमी येतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे ती टक्केवारीची मर्यादा आता राहिलेली नाही. तुमच्यापुरता बचाव एकच, बाकी ठेवायची नाही.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला शंका आहे की सध्या तुम्ही 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान रक्कम भरताय. तसं असेल तर हा हिशोब मिस्टरांशेजारी बसून वाचा. किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली, व्याज साडेतीन टक्के अधिक जीएसटी धरलं आणि कार्डावर नवीन एक रुपयाही खर्च केला नाही असं समजलं, तर वर्षभरात तुम्ही २८ हजारांच्या वर रक्कम भराल. आणि वर्षानंतर देणं किती उरेल? ४२ हजार. मुद्दल सहा हजारांनीही कमी होत नाही. किमान रक्कम भरल्याने लेट फी टळते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडत नाही, एवढंच. कर्ज तिथल्या तिथे राहतं.

आता एफडी. तिला हात लावायचा नाही हे तुम्ही दोघांनी ठरवलंत, त्यामागची भावना मला कळते. पगारातून बाजूला काढून जमवलेल्या पैशांचा तो एकच ठोकळा असतो, तो फुटला की परत जमत नाही ही भीती खरी असते. पण आकडे बघा. त्या एफडीतले ४८ हजार सात टक्क्यांनी तुम्हाला महिन्याला २८० रुपये मिळवून देतात. ते २८० रुपये राखण्यासाठी तुम्ही दुसरीकडे दोन हजार भरताय. हे दर महिन्याला चाललंय.

एफडी मोडावीही लागणार नाही. तुमच्या बँकेत जाऊन एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा. एफडी आहे तशी राहते, तिचं व्याज चालू राहतं, आणि तिच्या तारणावर बँक एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने पैसे देते. म्हणजे नऊ टक्के धरले तर ४८ हजारांवर महिन्याला ३६० रुपये व्याज. ओव्हरड्राफ्टमध्ये जेवढे वापरले तेवढ्यावरच आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं, त्यामुळे बोनस आला की त्याच दिवशी भरून टाका. मिस्टरांच्या कंपनीत कामगारांची पतपेढी असेल तर तिथेही विचारा. पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांत अशा पतसंस्था आहेत आणि त्यांचं कर्ज कार्डाच्या व्याजापुढे कितीतरी स्वस्त पडतं. काहीच जमलं नाही तर कार्डाच्या बँकेलाच ही बाकी हप्त्यांत बदलून द्यायला सांगा. तो दर ४२ टक्क्यांच्या बराच खाली असतो, पण प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडलं तर लागणारं शुल्क आधी विचारून घ्या. माझी पसंती ओव्हरड्राफ्टला. हे काम याच आठवड्यात करा, दिवाळीची वाट पाहू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न.

मिस्टरांचा हिशोब चुकीचा नाही, पण त्यातला फायदा केवढा आहे हे त्यांनी मांडून पाहिलेलं दिसत नाही. समजा बिल दर महिन्याला पूर्ण भरलं. ४५ हजारांवर एक टक्क्याने पॉइंट्स म्हणजे ४५० रुपये. बिनव्याजी मुदतीमुळे तेवढे पैसे महिनाभर बचत खात्यात पडून राहिले तर अडीच-तीन टक्क्यांनी फार तर शंभरएक रुपये. झाले साडेपाचशे. सगळं अगदी शिस्तीत केलं तर कार्डाची महिन्याची कमाई एवढीच आहे, आणि त्यातून कार्डाची वार्षिक फी वजा करायची राहिली आहे. साडेपाचशे रुपये म्हणजे घरबसल्या मागवलेला एक पिझ्झा. कार्ड हातात असल्यामुळे महिन्यात एक पिझ्झा जास्त आला, की मिस्टर आणि रोखीने व्यवहार करणारा शेजारी बरोबरीत. दोन आले की शेजारी पुढे.

तर प्रश्न उरतो तो असा की कार्ड हातात असलं की माणूस खरंच जास्त खर्च करतो का. यावर अभ्यास झालेले आहेत. त्यातला सर्वांत गाजलेला अमेरिकेतल्या एमआयटीचा. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी बॉस्टनच्या बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव लावला आणि व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना बंद पाकिटात बोली लिहायला सांगितली. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं की कार्डाने. रोखवाल्यांची सरासरी बोली २८ डॉलरच्या आसपास आली, कार्डवाल्यांची ६० डॉलरच्या. तिकीट एकच. बोली लावणारे पैशांचा हिशोब शिकायला आलेली मुलं. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून "कार्डाने दुप्पट खर्च होतो" असं सर्रास सांगितलं जातं.

पण एवढ्यावर सासूबाईंना विजयी घोषित करू नका. २०२४ मध्ये एका संशोधनाने १७ देशांतले ७१ शोधनिबंध एकत्र तपासले. त्यात असं दिसलं की रोख सोडल्यावर खर्च वाढतो हे खरं, पण सरासरीने तो थोडाच वाढतो, आणि लोकांना कार्ड-मोबाइलची सवय होत गेली तसा हा परिणाम ओसरत चाललाय. तरी त्यातली एक गोष्ट मला फार कामाची वाटली. चारचौघांत मिरवायच्या वस्तू, कपडे, दागिने अशा ठिकाणी हा परिणाम जास्त दिसला.

हे आपल्या घरालाही लागू पडतं. शाळेची फी कार्डाने भरली काय किंवा चेकने भरली काय, तेवढीच राहते. लाइट बिल तेवढंच येतं. पेट्रोल मिस्टरांना ऑफिसला जायला जेवढं लागतं तेवढंच लागतं. कार्ड हातात आहे म्हणून हे खर्च फुगत नाहीत, आणि इथे जे पॉइंट्स मिळत असतील ते मिस्टरांच्या फायद्याचेच. खर्च फुगतो तो कपड्यांत, हॉटेलात, दहा मिनिटांत घरी सामान पोचवणाऱ्या ॲपवर, आणि सुपरमार्केटच्या ट्रॉलीत.

ट्रॉलीचंच बघा. महिनाअखेर सुपरमार्केटच्या रांगेत उभ्या राहा आणि पर्समध्ये फक्त तीन हजार आहेत असं समजा. पुढच्या माणसाचं बिल होईपर्यंत तुम्ही मनात बेरीज करत असता. तेल, डाळ, साबण, पीठ, इथपर्यंत ठीक. मग ते चॉकलेटचं मोठं पाकीट, 'एकावर एक फ्री' असलेला शाम्पू आणि कुठे ठेवायचे ते ठाऊक नसलेले प्लास्टिकचे डबे, हे तुम्ही हळूच काढून बाजूला ठेवता. काउंटरवरची मुलगी विचारते, "मॅडम, हे नको का?" तुम्ही मान हलवता. पर्समध्ये कार्ड असतं तेव्हा ही बेरीज होतच नाही. बिल ३,८४० आलं की आठशे चाळीस जास्त झाले असं कुणाला वाटतही नाही, कारण तीन हजार हा आकडा मनात ठरलेलाच नसतो. रोखीची बचत होते ती इथे, आणि ती बचत अगदी खरी आहे.

सासूबाईंची पाकिटं याच कारणाने चालली. पाकिटाला तळ असतो. किराण्याच्या पाकिटात वीस तारखेला दोनशे रुपये उरले की उरलेले दहा दिवस पिठलं-भाकरी आणि घरातल्या कडधान्यांवर निघतात. सणाचं पाकीट वर्षभर भरत गेलं की दिवाळीला फराळ आणि कपडे होतात, कुणाकडे हात पसरावा लागत नाही. पैसा खर्च व्हायच्या आधीच त्याची वाटणी झालेली असते. तुमच्या घरात सध्या वाटणी बिल आल्यावर होते, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

यात एक गोष्ट सासूबाईंनाही आठवत असेल. उधारी त्यांच्या काळातही होतीच. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वही असायची, महिनाभर सामान यायचं, पगार झाला की हिशोब व्हायचा. कार्ड तेच करतं. फरक असा की वही फार भरली की वाणी पोराकरवी निरोप धाडायचा, "वहिनींना म्हणावं, मागचे जरा बघा." त्याला तुमचा पगार माहीत होता, घरातली माणसं माहीत होती, आणि त्याचे पैसे बुडायला नको होते. बँक असा निरोप धाडत नाही. तुम्ही कार्डाच्या मर्यादेच्या जवळ जाऊ लागलात की ती मर्यादाच वाढवून द्यायला तयार असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही, म्हणून तसा मेसेज आला तर उत्तर द्यायचं नाही. उलट तुम्ही स्वतः बँकेला सांगून ती कमी करून घ्या. महिन्याला जेवढा खर्च कार्डावर ठेवायचा ठरवाल, त्याच्या साधारण तिप्पट मर्यादा पुरे. सिबिलच्या दृष्टीनेही मर्यादेच्या एक तृतीयांशाच्या आत वापर असलेला बरा.

पण सगळंच रोखीत, हे सासूबाईंचं म्हणणं मला मान्य नाही. घरात महिन्याची सगळी रोख ठेवणं जोखमीचं आहे. पाकीट मारलं गेलं तर पैसे गेले. कार्डाचा कुणी परस्पर गैरवापर केला आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, त्यात तुमची चूक नसेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. नोटांना असं संरक्षण नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर डाळी-तांदळाच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून बायकांनी वर्षानुवर्षं साठवलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या, ते सासूबाईंनी पाहिलंच असेल. आणि रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं आणि काउंटरवर डिपॉझिट मागितलं, तर त्या वेळी कार्डासारखा आधार नाही. म्हणून कात्री नको. एक कार्ड ठेवा.

रोखीत सवलत मिळते का, हा त्यातलाच उपप्रश्न. मिळते, आणि मागायला लाजू नका. पिंपरी कॅम्पात किंवा तुळशीबागेत "कार्डाने दोन टक्के जास्त लागतील" असं दुकानदार म्हणतो, कारण कार्डाच्या व्यवहारावर त्याला बँकेला साधारण दीड-दोन टक्के द्यावे लागतात. यूपीआयवर बँक खात्यातून पैसे आले तर जानेवारी २०२० पासून त्याला हे शुल्क लागत नाही. म्हणजे पूर्वी रोखीवर जी सूट मिळायची ती आता यूपीआयवरही मागता येते. फ्रिजसारख्या वस्तूवर "लगेच पूर्ण पैसे दिले तर शेवटचे किती?" असं विचारून हजार-दीड हजार कमी होत असतील, तर तिथे कार्डाचे साडेतीनशे पॉइंट्स मिरवण्यात अर्थ नाही. मात्र "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणणाऱ्याकडून विजेची वस्तू घेऊ नका. बिल नसेल तर वॉरंटी नाही.

'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी म्हणून दिले जाणारे हप्ते, त्याबद्दलही एवढंच. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं, आणि रोखीवर जी सूट मिळाली असती ती हातची जाते.

आता सासूबाई आणि मिस्टर दोघंही ज्याबद्दल बोलत नाहीत ते सांगते. तुमच्या घरातले पैसे यूपीआयवरून किती जातात? पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखच केला नाहीत. वडापाव, रिक्षा, भाजी, मुलीचं स्टेशनरीचं सामान, सोसायटीतल्या भिशीचे पैसे, सगळं मोबाइलवर होतं आणि कुणाच्याच हिशोबात येत नाही. स्पीकर बोलला, पैसे गेले. लोक यूपीआयला रोख समजतात, पण नोट मोडताना जो हात अडखळतो तो इथे अडखळत नाही. शिवाय २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. ते जोडलेलं असेल तर टपरीवरचा चहाही उधारीवर जातो. मिस्टरांच्या फोनवर जोडलं आहे का ते बघा, आणि असेल तर काढून टाका. उधारीचं पाकीट आणि सुट्ट्या पैशांचं पाकीट एका ठिकाणी नको.

मी तुमच्या जागी असते तर पुढचे तीन महिने असं केलं असतं. फी, लाइट बिल, गॅस, विमा, पेट्रोल असे ज्यांची रक्कम आधीच ठरलेली असते ते खर्च एका कार्डावर. हे सगळं मिळून तुमच्याकडे महिन्याला वीस-बावीस हजारांच्या पुढे जाऊ नये. त्या कार्डाला ऑटो-पे, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरायची सोय, लावायचं आणि लावताना 'टोटल अमाउंट ड्यू', म्हणजे पूर्ण बिल, निवडायचं. खूपजण इथे 'मिनिमम' निवडून निर्धास्त होतात, म्हणून स्वतः डोळ्यांनी बघून घ्या. पगार पाच तारखेला होत असेल आणि बिल भरायची तारीख दोन असेल, तर बँकेला सांगून बिलाची तारीख बदलून घ्या. निदान एकदा ती बदलून द्यायची सोय बँकांनी ठेवली पाहिजे असा नियमच आहे. खरेदीच्या आणि जेवण मागवायच्या ॲपवर साठवून ठेवलेली कार्डं काढून टाका. दर वेळी सोळा आकडे टाकायचा कंटाळा हा फार चांगला पहारेकरी आहे.

किराणा, भाजी, दूध, कपडे आणि बाहेरचं खाणं हे सासूबाईंच्या हातात द्या, रोख. पगार झाला की एटीएममधून एकदाच काढा. फुकटचे व्यवहार संपले की आता प्रत्येक वेळी २३ रुपये आणि कर जातो, म्हणून थोडे थोडे काढू नका. पाकिटं त्यांना करू द्या, त्यांच्या पद्धतीने. तीन महिन्यांनी पाच हजार वाचले की नाही ते कळेल. माझा अंदाज विचाराल तर पहिल्या महिन्यात वाचणार नाहीत, कारण त्यांना आताचे भाव अंगवळणी पडायला वेळ लागेल. तिसऱ्या महिन्यात तीन हजारांच्या आसपास वाचतील, आणि त्यातले बरेचसे बाहेरच्या खाण्यातून आणि ॲपवरच्या सामानातून. हे मी बऱ्याच घरांत झालेलं पाहिलं आहे. त्यांना ही जबाबदारी दिल्याने घरातला वादही निम्मा कमी होईल, कारण आतापर्यंत त्या फक्त बिल बघत होत्या.

मिस्टरांशी बोलताना "आई बरोबर म्हणत होत्या" या वाक्याने सुरुवात करू नका. ते पैशांबाबत बेफिकीर नाहीत. पॉइंट्स मोजणारा माणूस बेफिकीर नसतो. त्यांच्यासमोर गेल्या बारा महिन्यांची दोन्ही कार्डांची बिलं ठेवा आणि चारच ओळींची बेरीज त्यांनाच करायला सांगा: व्याज, त्यावरचा जीएसटी, लेट फी आणि वार्षिक फी. मग त्यांच्याच पॉइंट्सच्या आकड्यातून ती वजा करायला सांगा. वार्षिक फी माफ व्हावी म्हणून कधी काही घेतलं होतं का, हेही विचारा. "अजून सात हजार खर्च केले की हजाराची फी माफ" म्हणून घेतलेल्या वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात सापडतात. आकडे त्यांनी स्वतः काढले की ते मान्य करतील, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

राहिलं दुसरं कार्ड. त्यावरची बाकी शून्य झाली की ते बंद करा. त्यातल्या त्यात जुनं कार्ड ठेवा आणि नवं बंद करा, जुन्या कार्डाचा इतिहास सिबिलसाठी चांगला. पॉइंट्स आधी वापरून घ्या. बँकेला ईमेलने लेखी कळवा. देणं शिल्लक नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड तिला तुम्हाला द्यावा लागतो. ग्राहक सेवेतून फोन येईल, आजन्म मोफत करून देतो म्हणतील. नको म्हणा, आणि कार्ड बंद झाल्याचा ईमेल हातात आला की तो जपून ठेवा.